वणव्याची वर्दी

मेलबर्न शहराच्या ईशान्येला तीसएक किलोमीटरवर कांगारू ग्राउंड नावाचं छोटं गाव आहे. गावच्या टेकडीवर, पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या स्थानिक जवानांच्या स्मरणार्थ बांधलेला दगडी मनोरा आहे. पुढे या मनोऱ्याच्या माथ्यावर एक काचेची खोली बसवली गेली आणि दर उन्हाळ्यात वणव्यावर नजर ठेवणारा टेहळ्या तिथे बसू लागला. ७ फेब्रुवारी २००९ च्या शनिवारी मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला. त्या दुपारी या खोलीतून उत्तरेकडे धुराचा प्रचंड लोट दिसत होता. किलमोर ईस्ट इथे पावणेबाराच्या सुमारास विजेची एक तार तुटली होती, ठिणग्या वाळक्या गवतात पडल्या होत्या आणि वाऱ्याने ती आग थेट डोंगराकडे हाकलली होती.

गावातच अग्निशमन दलाचं एक नियंत्रण केंद्र होतं. तिथल्या माणसांनी नकाशे पाहिले, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि आग कुठे जाणार हे ओळखलं. किंगलेक आणि आसपासच्या गावांसाठी धोक्याच्या सूचनांचे मसुदेही त्यांनी तयार केले. पण ते लोकांपर्यंत गेले नाहीत. आग लागली किलमोरच्या हद्दीत, त्यामुळे सूचना देण्याचा अधिकारही किलमोरच्या केंद्राचा. आणि त्या केंद्रात पुरेशी अनुभवी माणसंच नव्हती. संध्याकाळी वारा फिरला आणि आग किंगलेकच्या माथ्यावर चढली. या एका आगीत ११९ माणसं गेली. त्या दिवशी व्हिक्टोरिया राज्यात लागलेल्या सगळ्या वणव्यांत मिळून मृतांचा आकडा १७३ झाला. ऑस्ट्रेलियात तो दिवस ‘ब्लॅक सॅटर्डे’ म्हणून ओळखला जातो.

किंगलेकच्या जवळजवळ प्रत्येक घरात फोन होता आणि बहुतेकांच्या खिशात मोबाइल होता. आग दिसत होती, तिची दिशा कळत होती, निरोप लिहून तयार होता. पाहणाऱ्याची माहिती सोसणाऱ्याच्या दारापर्यंत नेणारा दुवा तेवढा तुटलेला होता. व्हिक्टोरियातल्या वणव्यांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या तुटलेल्या दुव्याच्या अंगाने वाचला, तर मोबाइलने काय बदललं आणि काय अजून बदलायचं आहे हे नीट उमगतं.

व्हिक्टोरियाचं जंगल जळण्यासाठीच घडल्यासारखं आहे. युकॅलिप्टसच्या पानांत तेल असतं, सालीच्या वाळक्या पट्ट्या खोडावर लोंबत असतात. पेटलेली साल वाऱ्यावर उडते आणि मुख्य आगीच्या कित्येक किलोमीटर पुढे नवी आग लावते. ब्लॅक सॅटर्डेला हे अंतर तीसहून अधिक किलोमीटर होतं. उन्हाळ्यात खंडाच्या मधल्या वाळवंटावरून उत्तरेचा तप्त वारा सुटतो आणि आगीला लांबलचक, अरुंद पट्ट्यात दक्षिणेकडे पळवतो. मग नैर्ऋत्येकडून थंड वारा येतो. थंड म्हणून तो सुखाचा, असं परक्याला वाटेल. प्रत्यक्षात तो त्या पट्ट्याची सबंध लांब बाजूच आघाडी करून टाकतो. आगीचं तोंड काही किलोमीटरचं होतं, ते क्षणात कित्येक पटींनी रुंदावतं. व्हिक्टोरियातल्या मोठ्या वणव्यांतले बहुतेक बळी या वारा फिरण्याच्या वेळेनंतरचे आहेत.

६ फेब्रुवारी १८५१ च्या ‘ब्लॅक थर्सडे’ला आजच्या व्हिक्टोरियाचा सुमारे पाव हिस्सा, म्हणजे जवळपास ५० लाख हेक्टर जमीन होरपळली. किनाऱ्यापासून दूर समुद्रात असलेल्या जहाजावरही निखारे पडल्याची नोंद आहे. युरोपीय वसाहतवाल्यांना या जमिनीवर येऊन तेव्हा जेमतेम दोन दशकं झाली होती. वर्दी द्यायला कुणी नव्हतं आणि घ्यायलाही कुणी नव्हतं. घोडेस्वार पोचला तर पोचला, नाहीतर क्षितिजावरचा धूर हीच सूचना.

विसाव्या शतकात चित्र थोडं पालटलं. डोंगरातली उंच, सरळसोट झाडं तोडणाऱ्या लाकूड गिरण्या थेट जंगलात वसल्या. गिरणी कामगार बायकामुलांसह तिथेच राहत. १३ जानेवारी १९३९ च्या ‘ब्लॅक फ्रायडे’ला वणव्याने या जंगलाला गाठलं. ७१ माणसं मेली, ६९ गिरण्या राख झाल्या, जवळपास २० लाख हेक्टर जळाले आणि राख न्यूझीलंडपर्यंत उडाली. नार्बेथाँग हे गाव बेचिराख झालं.

या आगीची चौकशी न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांच्याकडे आली. शहरात बसून कागद चाळण्याऐवजी ते जळलेल्या गावांत गेले, गिरणी कामगार, शेतकरी, वन कर्मचारी यांच्या साक्षी घेतल्या आणि काही महिन्यांत अहवाल दिला. आगी माणसांच्याच हातून लागल्या होत्या, हा त्यांचा निष्कर्ष तेव्हा अनेकांना झोंबला. वन खातं, पाणीपुरवठा मंडळ आणि शेतकरी यांच्यात ताळमेळ नव्हता, कुणाची जबाबदारी कुठे संपते हे ठरलेलं नव्हतं, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. गिरण्यांजवळ आसऱ्याची भुयारं असलीच पाहिजेत, असा आग्रह धरला. १९४४ मध्ये पुन्हा मोठे वणवे पेटले, पुन्हा स्ट्रेटन यांनीच चौकशी केली, आणि १९४५ मध्ये ग्रामीण भागासाठी ‘कंट्री फायर अथॉरिटी’ ही संस्था उभी राहिली. आजही या दलाचा कणा गावोगावचे हजारो स्वयंसेवक आहेत.

१९३९ नंतर टेहळणी मनोऱ्यांचं जाळं वाढलं. मनोऱ्यावरच्या माणसाचं काम ऐकायला सोपं, करायला अवघड. खोलीच्या मधोमध अंशांच्या खुणा केलेली गोल चकती असते. धूर दिसला की तिच्यावरची दृष्टिरेषा धुरावर लावायची आणि दिशाकोन वाचून कळवायचा. दुसऱ्या टेकडीवरचा टेहळ्या तोच धूर आपल्या जागेवरून पाहतो आणि आपला कोन सांगतो. नियंत्रण कक्षात नकाशावर दोन रेषा ओढल्या जातात. त्या जिथे छेदतात तिथे आग. धुळीचा लोट कुठला, धुकं कुठलं, शेतातला राब कुठला आणि खरा वणवा कुठला, हे ओळखायला सराव लागतो. म्हणूनच उपग्रहांच्या जमान्यातही व्हिक्टोरिया दर उन्हाळ्यात मनोऱ्यांवर माणसं बसवते.

मनोऱ्यावरून निघालेली वर्दी फोनने किंवा बिनतारी यंत्राने अधिकाऱ्याकडे जाई. तिथून बंब निघत. गावकऱ्यांना कळे ते गावच्या भोंग्याने आणि शेजाऱ्याने. १९६१ पासून ऑस्ट्रेलियात आपत्कालीन मदतीसाठी ०००, म्हणजे ‘ट्रिपल झीरो’ हा एकच क्रमांक आला. नागरिकाला आग कळवण्याची सोय यातून झाली. पण हा रस्ता एकाच दिशेने जाणारा होता. नागरिक सरकारला सांगू शकत होता. सरकार एका विशिष्ट वाडीतल्या नागरिकाला ‘आता निघा’ असं सांगू शकत नव्हतं.

१६ फेब्रुवारी १९८३ च्या ‘ॲश वेन्सडे’ला व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत मिळून ७५ जण मेले. त्यानंतर ज्या सुधारणा झाल्या, त्यांतली एक मोठ्या मोलाची होती. १९९३ पासून ‘कम्युनिटी फायरगार्ड’ या नावाने एका गल्लीतली, एका वाडीतली आठ-दहा घरं एकत्र येऊन आपापली योजना आखू लागली. त्यांचं मुख्य हत्यार होतं फोनची साखळी. पहिल्या घराने दोघांना फोन करायचा, त्या दोघांनी पुढच्या दोघांना. कुणाकडे म्हातारी माणसं आहेत, कुणाकडे गाडी नाही, कुणाचे घोडे हलवावे लागतील, हे साखळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असे. सरकारी यंत्रणा अडखळली तिथे अनेक ठिकाणी याच साखळ्या कामाला आल्या.

ब्लॅक सॅटर्डेच्या आदल्या दिवशी राज्याचे प्रीमियर जॉन ब्रम्बी यांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की उद्याचा दिवस राज्याच्या इतिहासातला सर्वांत वाईट ठरू शकतो. हवामान खात्याचा अंदाज अचूक होता. वणव्याचा धोका मोजणारा ॲलन मॅकआर्थर यांचा निर्देशांक १९३९ ची स्थिती म्हणजे १०० असं धरून बेतलेला होता. त्या शनिवारी तो अनेक ठिकाणी १०० च्या बराच पुढे गेला. म्हणजे राज्याला धोका आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ‘माझ्या घराला, पुढच्या तासात’ धोका आहे का, याचं उत्तर मात्र मिळत नव्हतं.

लोकांनी ते शोधण्याची पराकाष्ठा केली. माहिती देणाऱ्या सरकारी हेल्पलाइनवर फोनांचा असा भडिमार झाला, की असंख्य कॉल घेतलेच गेले नाहीत. ट्रिपल झीरोही तुंबला. अग्निशमन दलाची वेबसाइट दाबाखाली आली, आणि तिच्यावर जे दिसत होतं तेही आगीच्या बरंच मागे होतं. मेलबर्नच्या ७७४ एबीसी रेडिओवर लोक स्वतः फोन करून आपल्या गावाची स्थिती सांगत होते. अनेकांना पहिली खबर अशा श्रोत्यांकडूनच मिळाली. काही घरांत अग्निशमन दलाचं बिनतारी संभाषण ऐकवणारे स्कॅनर होते. ते कानाला लावून बसलेल्यांना वेबसाइट पाहणाऱ्यांपेक्षा जास्त कळत होतं. १७३ मृतांपैकी ११३ जण घरांच्या आत सापडले. ‘तयारी असेल तर थांबा आणि घर वाचवा, नसेल तर लवकर निघा’ हे तेव्हाचं अधिकृत धोरण होतं. पण ‘लवकर’ म्हणजे कधी, हे ठरवायला बातमी लागते, आणि नेमकी तीच नव्हती.

दुसऱ्याच दिवशी एक वेगळी गोष्ट घडली. गूगलच्या ऑस्ट्रेलियातल्या अभियंत्यांनी अग्निशमन दलाच्या वेबसाइटवरच्या यादीतून माहिती उचलून वणव्यांचा जिवंत नकाशा तयार केला. कुठे आग आहे, किती मोठी आहे, आटोक्यात आहे की नाही, हे रंगीत ठिपक्यांनी दिसू लागलं आणि लाखोंनी तो पाहिला. पण नकाशा अपुरा होता. खासगी जमिनीवरच्या आगी अग्निशमन दलाकडे होत्या. सरकारी जंगलातल्या आगींची माहिती दुसऱ्या खात्याकडे. त्या खात्याची माहिती स्वामित्वहक्काच्या अडचणीमुळे नकाशावर घालता आली नाही. स्ट्रेटन यांनी सत्तर वर्षांपूर्वी दाखवलेली खात्याखात्यांमधली भिंत आता संगणकाच्या पडद्यावर उघड दिसत होती. लोकांच्या पैशातून गोळा केलेली, लोकांच्या जिवावर बेतणारी माहिती लोकांना खुली असलीच पाहिजे, हा मुद्दा यानंतर ऑस्ट्रेलियात जोराने मांडला गेला, आणि तो रास्तच होता.

फोनवरून सावध करण्याची कल्पनाही नवी नव्हती. व्हिक्टोरियाने २००५ मध्येच दोन गावांत तिची चाचणी घेतली होती आणि लोकांनी ती उचलूनही धरली होती. देशातल्या सगळ्या फोन क्रमांकांचा एकत्रित साठा अस्तित्वात होता. पण गोपनीयतेच्या कायद्यामुळे राज्यांना तो या कामासाठी वापरता येत नव्हता, आणि केंद्र व राज्यं यांच्यातल्या चर्चेत वर्षं गेली. ब्लॅक सॅटर्डेनंतर कायद्यातली ही अडचण झपाट्याने दूर झाली. २ मार्च २००९ रोजी, पुन्हा जोराचे वारे येणार असं दिसताच, व्हिक्टोरिया पोलिसांनी राज्यातल्या लाखो मोबाइलवर एकाच वेळी एसएमएस पाठवला: वादळी हवा, आगीचा धोका, एबीसी रेडिओ ऐका. साधाच मजकूर, पण त्या देशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर असं कधी झालं नव्हतं.

न्यायमूर्ती बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने जुलै २०१० मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यात ६७ शिफारशी होत्या. पण सूचनांच्या बाबतीत कमिशन त्याआधीच, ऑगस्ट २००९ च्या अंतरिम अहवालात बोललं होतं, कारण पुढचा उन्हाळा तोंडावर होता. सूचनांच्या तीन पायऱ्या देशभर एकसारख्या ठरल्या: आधी माहिती देणारी, मग ‘लक्ष ठेवा आणि हालचाल करा’ सांगणारी, आणि शेवटी जीव वाचवण्याची तातडीची. सर्वांत घातक दिवसांसाठी व्हिक्टोरियाने ‘कोड रेड’ ही वेगळी श्रेणी केली, जी २०२२ पर्यंत वापरात होती. त्या दिवशी घर सोडून आधीच निघून जाणं हाच सल्ला असे.

डिसेंबर २००९ मध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ ही राष्ट्रीय फोन यंत्रणा सुरू झाली. ती चालते कशी, हे पाहण्यासारखं आहे. नियंत्रण कक्षातला अधिकारी नकाशावर आगीच्या संभाव्य वाटेभोवती सीमारेषा आखतो. त्या सीमेतल्या घरगुती फोनवर कॉल जातो. उचलला की आधी भोंग्याचा आवाज, मग निरोप. मोबाइलवर एसएमएस येतो, पाठवणाऱ्याच्या जागी एकच लक्षात राहणारा क्रमांक: ०४४४ ४४४ ४४४. सुरुवातीला हा संदेश मोबाइलच्या बिलावरच्या पत्त्याप्रमाणे जाई. त्यामुळे किंगलेकचा रहिवासी सिडनीला असला तरी त्याला संदेश मिळे, आणि सिडनीहून किंगलेकला आलेला पाहुणा मात्र बेखबर राही. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने, फोन शेवटचा कुठल्या टॉवरजवळ होता ते पाहून संदेश पाठवण्याची सोय झाली. उन्हाळ्यातच समुद्रकिनारे आणि डोंगर पर्यटकांनी भरलेले असतात, म्हणून ही सुधारणा मोलाची.

एसएमएसची एक मर्यादा राहतेच. तो एकेका फोनला वेगळा जातो. हजारो फोन असले की रांग लागते. ‘सेल ब्रॉडकास्ट’ या तंत्रात टॉवर रेडिओ केंद्रासारखा एकदाच बोलतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन एकाच क्षणी ऐकतात. क्रमांकांची यादीच लागत नाही. अमेरिकेने २०१२ मध्ये याच तंत्रावर आपली यंत्रणा सुरू केली, पण संदेशाला अवघी ९० अक्षरं दिली. एवढ्यात कुठून कुठे जायचं हे सांगणार कसं? २०१९ मध्ये ही मर्यादा ३६० अक्षरांवर नेण्यात आली.

आयफोन ऑस्ट्रेलियात विक्रीला आला तो जुलै २००८ मध्ये, म्हणजे ब्लॅक सॅटर्डेच्या सात महिने आधी. पुढच्या दशकात स्मार्टफोन घरोघर पोचले आणि वणव्याचा नकाशा हातात आला. न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन दलाचं ‘फायर्स निअर मी’ हे ॲप त्यातलं सर्वांत नावाजलेलं होतं. नकाशावर आपल्या घराभोवती वर्तुळ आखून ठेवायचं. त्यात आग शिरली की फोन वाजे. व्हिक्टोरियाचं ‘फायररेडी’ ॲप मात्र गर्दीच्या दिवसांत ताणाखाली अडखळल्याच्या तक्रारी झाल्या. २०१६ मध्ये त्याच्या जागी पूर, वादळ, वणवा अशा सगळ्या संकटांसाठी ‘विकइमर्जन्सी’ आलं. वर्दी देण्याच्या बाजूनेही भर पडली. २०१३ मध्ये आलेलं ‘इमर्जन्सी प्लस’ ॲप उघडलं की पडद्यावर आपले अक्षांश-रेखांश दिसतात. ट्रिपल झीरोला फोन लावून ते वाचून दाखवायचे. रानवाटेवर ना घर क्रमांक असतो ना चौक. तिथे टेहळ्याच्या चकतीचं काम आता कुणाचाही फोन करू शकतो.

या सगळ्याची परीक्षा २०१९-२० च्या ‘ब्लॅक समर’मध्ये झाली. महिनोन्‌महिने जंगलं जळत राहिली. तीन हजारांहून अधिक घरं गेली, ३३ जणांचा थेट आगीत बळी गेला. जळलेलं क्षेत्र २००९ च्या अनेक पट होतं, तरी मृतांची संख्या इतकी कमी राहिली, यात वेळेवर मिळालेल्या सूचनांचा आणि लवकर हलवलेल्या गावांचा मोठा वाटा आहे. लोक दिवसातून अनेकदा ॲप उघडून पाहत. मात्र राज्याची सीमा ओलांडली की दुसरं ॲप, दुसरे रंग, दुसरी चिन्हं. सीमेवरच्या गावांना दोन-दोन ॲप सांभाळावी लागली. संपूर्ण देशासाठी सर्व संकटांचं एकच ॲप करता येईल का हे पाहावं, असं त्यानंतरच्या राष्ट्रीय आयोगाने सुचवलं.

आणि फोनचा पायाच किती कच्चा आहे, हेही याच उन्हाळ्याने दाखवलं. ३१ डिसेंबर २०१९ च्या सकाळी व्हिक्टोरियाच्या पूर्व टोकावरच्या मॅलाकूटा गावात दिवसाढवळ्या काळोख झाला आणि मग आभाळ लालबुंद. हजारो रहिवासी आणि पर्यटक पाण्याच्या काठाशी गोळा झाले. रस्ता बंद, वीज गेलेली, संपर्क तुटलेला. काही दिवसांनी नौदलाच्या ‘चूल्स’ या जहाजाने हजारावर लोकांना तिथून बाहेर काढलं. त्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियातली दूरसंचाराची १,३९० केंद्रं कधी ना कधी बाधित झाली, असं दळणवळण नियामकाने नोंदवलं. व्यत्ययांपैकी थेट आगीच्या नुकसानीने आलेले सुमारे एक टक्काच होते; ८८ टक्के व्यत्यय वीजपुरवठा तुटल्यामुळे आला होता. टॉवर शाबूत, पण बॅटरी संपलेली. म्हणूनच ऑस्ट्रेलियातली अग्निशमन दलं आजही सांगतात, की सेलवर चालणारा रेडिओ घरात ठेवा आणि संदेशाची वाट पाहत बसू नका.

कॅलिफोर्नियाने हेच धडे स्वतःची किंमत मोजून घेतले. ८ नोव्हेंबर २०१८ च्या ‘कॅम्प फायर’मध्ये पॅरडाइज शहर जळलं, ८५ जण मेले. तिथली फोन सूचना आधी नाव नोंदवलेल्यांनाच मिळत होती आणि अनेकांनी नाव नोंदवलेलंच नव्हतं. २०२१ मध्ये सोनोमा काउंटीतल्या जॉन मिल्स यांनी ‘वॉच ड्यूटी’ हे ना-नफा ॲप सुरू केलं. निवृत्त अग्निशामक, माजी नियंत्रण कक्ष कर्मचारी आणि अनुभवी हौशी श्रोते अग्निशमन दलाचं बिनतारी संभाषण ऐकतात, कॅमेरे पाहतात, पडताळणी करतात आणि मग नकाशावर नोंद टाकतात. किंगलेकच्या घरांत स्कॅनर कानाला लावून बसलेल्यांचंच हे संघटित रूप. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस पेटलं तेव्हा लाखो लोकांचा भार याच ॲपवर होता. त्याच आठवड्यात, ९ जानेवारीला, एका छोट्या भागासाठीचा ‘घर सोडा’ संदेश चुकून सबंध काउंटीतल्या सुमारे एक कोटी लोकांना गेला. आणि पश्चिम अल्टाडेनाला, जिथे त्याची खरी गरज होती, आदेश पोचला तो घरं पेटल्यानंतर, पहाटे.

भारतातला वणवा वेगळा आहे. तो बहुधा जमिनीलगतचा पाचोळा आणि गवत जाळत सरकतो. ऑस्ट्रेलियासारखा शेंड्यांवरून धावत नाही. पण माणसं इथेही मरतात. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचा एक गट वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जण दगावले. सह्याद्रीत दर उन्हाळ्यात वाळक्या गवताच्या उतारांवर भटकणाऱ्यांनी तो प्रसंग विसरता कामा नये.

उपग्रहाची वर्दी भारतात तशी लवकर आली. दक्षिण आफ्रिकेत २००४ मध्ये वीज कंपनी एस्कॉम आणि तिथली सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषद यांनी मिळून, वीजवाहिन्यांजवळ उपग्रहाला आग दिसताच अभियंत्यांना एसएमएस पाठवणारी यंत्रणा उभी केली. त्याच वर्षापासून देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस संवेदकाची माहिती वापरून राज्यांच्या वन खात्यांना आगीची ठिकाणं कळवायला सुरुवात केली. पुढे ३७५ मीटरपर्यंत बारकाईने पाहणारा विर्स संवेदक आला, आणि २०१९ मध्ये सुधारलेल्या प्रणालीतून बीटवरच्या वनरक्षकाच्या मोबाइलपर्यंत एसएमएस जाऊ लागले. कुणीही नागरिक आपला क्रमांक नोंदवून आपल्या भागातल्या आगीचा संदेश मिळवू शकतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्र वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही १९२६ क्रमांकाची हेल्पलाइन आहे. डोंगर पेटलेला दिसला की तिथे वर्दी देता येते. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अनेकांचे मोबाइल अचानक कर्कश वाजले, ती दूरसंचार विभागाने घेतलेली सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती.

म्हणजे हत्यारं आपल्याकडेही आहेत. पण उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो; दोन फेऱ्यांच्या मधे लागलेली आग दिसते ती गुराख्याला, मोहफुलं वेचणाऱ्या बाईला, काजूच्या बागेत काम करणाऱ्या गड्याला. गडचिरोलीत मोह आणि तेंदूच्या हंगामात, कोकणात आंबा-काजूच्या बागांच्या कडेला, घाटमाथ्यावर कुरणांमध्ये हेच लोक पहिले टेहळे आहेत. त्यांच्या हातात फोन आहे, अनेक ठिकाणी रेंज नाही, आणि वनरक्षकाला गेलेला एसएमएस शेजारच्या वाडीला कळेलच अशी खात्री नाही. हंगामापूर्वी वन विभाग जाळरेषा काढून घेतो. त्याच सुमारास प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीने बसून वाडीवार फोनची साखळी लिहून काढावी, १९२६ हा क्रमांक शाळेच्या आणि समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवावा, रेंज नसलेल्या वाडीला निरोप कोण घेऊन जाणार त्याचं नाव ठरवावं, आणि उपग्रहाचा संदेश येताच तो गावाला थेट सांगण्याचा अधिकार वन विभागाने बीटवरच्या वनरक्षकाला लेखी द्यावा. वरिष्ठांच्या मंजुरीत गेलेल्या तासांनी काय होतं, ते २००९ च्या त्या संध्याकाळच्या चौकशीत पानोपानी नोंदलेलं आहे. या कामाला नवा उपग्रह लागत नाही की मोठा निधी. मार्च उजाडण्यापूर्वी एक ग्रामसभा लागते.